‘खबरदारी घ्यावी’ म्हणजे नेमकं काय करावं? नदीकाठच्या एका सोसायटीतल्या सूचनेचं प्रकरण

जून 2024मध्ये आमच्या सोसायटीच्या फलकावर ही सूचना लागली:

‘सर्व सन्माननीय सभासदांना कळविण्यात येते की, पर्जन्यकाळात धरणातून होणाऱ्या विसर्गामुळे नदीपात्रातील पाणीपातळीत वाढ होण्याची शक्यता नाकारता येत नाही. सबब, वाहनतळातील वाहने सुरक्षित स्थळी हलविण्याबाबत आवश्यक ती खबरदारी घ्यावी व सतर्क राहावे. होणाऱ्या नुकसानीस संस्था जबाबदार राहणार नाही.’

मसुदा सेक्रेटरींचा, त्यावरचा हात माझा. मी पंचवीस वर्षं मुद्रितं तपासते. निम्मं आयुष्य नारायण पेठेतल्या छापखान्यांत गेलं, त्यामुळे सोसायटीत कोणीही काहीही लिहिलं की कागद माझ्या दारात येतो. मूळ मसुद्यात ‘पार्किंग’ होतं, ते मी ‘वाहनतळ’ केलं. ‘पावसाळ्यात’ होतं, ते ‘पर्जन्यकाळात’ झालं. एक ऱ्हस्व, दोन दीर्घ, एक स्वल्पविराम. सेक्रेटरी म्हणाले, “वा, अगदी सरकारी वाटतेय हो!” आणि मला ते कौतुक वाटलं.

आमची सोसायटी पुण्यात, सिंहगड रस्त्याला, मुठा नदीच्या अंगाला. दोन इमारती, 44 फ्लॅट, खाली खांबांवरचं पार्किंग. मागच्या भिंतीपलीकडे उतार, आणि उतार संपला की मुठा. 25 जुलैला, गुरुवारी पहाटे, ती भिंत ओलांडून पाणी आत आलं. आदल्या दिवसापासून शहरात आणि वर धरणांच्या बाजूला, दोन्हीकडे पाऊस कोसळत होता. खडकवासला धरणातून सुटणारं पाणी 35 हजार क्युसेकच्या घरात गेलं होतं. नदीकाठच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं, माणसांना बोटीतून बाहेर काढावं लागलं, ते साऱ्या शहराने बातम्यांत पाहिलं. आम्ही तिच्याहून थोडे उंचावर, त्यामुळे आमच्याकडे बोट आली नाही की कॅमेरा आला नाही. पण पार्किंगमध्ये कमरेएवढं पाणी होतं. 19 चारचाकी, तीसेक दुचाकी, लिफ्टचा खड्डा, पाण्याची खालची टाकी, सगळं त्यात. जीव कोणाचा गेला नाही, एवढंच.

रविवारी बैठक झाली ती भांडणाचीच. “कोणी सांगितलंच नाही,” असं सभासद म्हणत होते. सेक्रेटरींनी फलकाची काच उघडून सूचना काढली आणि टेबलावर आपटली. “महिनाभर लावलीय. मराठीत आहे. वाचता येत नाही का कोणाला?”

त्यांचं खोटं नव्हतं. सूचना होती, मराठीत होती, आणि फलकासमोर उभं राहून वाचणारे लोकही मी स्वतः पाहिले होते. मग झालं काय? खोड म्हणा, मी त्या सूचनेच्या प्रती काढल्या आणि पुढच्या आठवड्यात संध्याकाळी घरोघर फिरले. एकच प्रश्न विचारला: हे वाचून तुम्हाला काय करायचं आहे असं वाटलं?

पहिल्या मजल्यावरच्या काकूंनी प्यायचं पाणी भरून ठेवलं होतं. पूर आला की वीज जाते, वीज गेली की पंप बंद, हा त्यांचा अनुभव. त्यांची खबरदारी ती. दुसऱ्या इमारतीतल्या दोघांच्या गाड्या कडेच्या मोकळ्या जागेत, भिंतीला लागून असतात. ते म्हणाले, वाहनतळ म्हणजे खांबांखालचं, आम्ही तर बाहेर लावतो. एक तरुण भाडेकरू म्हणाला की वाहनतळ हा शब्द त्याने महापालिकेच्या ‘सशुल्क वाहनतळ’ अशा पाट्यांवरच वाचलाय, त्यामुळे ती सूचना बाहेरच्या कुठल्या जागेबद्दल असावी असं त्याला वाटलं. ‘पार्किंग’ खोडून मी मराठीची सेवा केली, ती अशी कामाला आली.

‘सतर्क राहावे’चे अर्थ तर तीन निघाले: जागं राहा, बातम्या बघा, आणि घाबरू नका. तिसरा अर्थ कुठून आला देव जाणे, पण सांगणारे आजोबा ठाम होते. एक गृहस्थ पूररेषेचे जाणकार निघाले. निळी रेषा म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, 2019च्या ऑगस्टात पाणी कुंपणापर्यंत येऊन गेलं, म्हणजे पुढचं 2044 साली. हिशेब त्यांनी बोटांवर करून दाखवला. शिकलेसवरलेले गृहस्थ आहेत. ‘25 वर्षांतून एकदा’ याचा खरा अर्थ दरवर्षी शंभरात चार इतकी शक्यता, यंदा आला म्हणून पुढच्या वर्षीची ती कमी होत नाही. 25 वर्षांच्या मुदतीत असा पूर एकदा तरी येण्याची शक्यता शंभरात 64 भरते. पण ते वाक्यच असं आहे की वाचणाऱ्याने पंचांग उघडावं.

आणि विसर्ग, म्हणजे धरणातून सोडलेलं पाणी. चौथ्या मजल्यावरची सहावीतली मुलगी आईच्या खांद्यावरून वाकून वाचत होती. म्हणाली, “विसर्ग म्हणजे ते दुःखातले दोन टिंब ना?” आम्ही हसलो. मग मी तिच्या आईला विचारलं, तुम्हाला काय वाटलं होतं? त्या म्हणाल्या, “सांडपाणी वगैरे असेल.”

आकड्याचंही तेच. पावसाळ्यात आमच्या ग्रुपवर क्युसेकचे आकडे पावसासारखेच पडतात. त्या रात्रीही पडले, कोणीतरी अंगठाही दाखवला. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण 28.3 लिटर. 35 हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला जवळजवळ दहा लाख लिटर. उन्हाळ्यात आपण मागवतो तो दहा हजार लिटरचा टँकर डोळ्यांपुढे आणा: असे शंभर टँकर, दर सेकंदाला. खडकवासल्याचं पोटही लहान. पानशेत, वरसगाव आणि टेमघर धरून चारही धरणांचा उपयुक्त साठा 29 टीएमसीच्या आसपास आहे (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), त्यात खडकवासल्याचा वाटा जेमतेम दोन. वरून येणारं पाणी साठवून धरायला तिथे जागाच नाही. आलं की सोडावं लागतं, मग रात्रीचे दोन वाजलेले असोत नाहीतर पहाटेचे चार.

टँकरचा हिशेब मला फार आवडला होता. नव्या सूचनेत तोच घालायचा असं मी ठरवून टाकलं होतं. तेवढ्यात आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी त्यातली हवा काढली. त्या नदीकाठच्या वस्तीत राहतात. मी त्यांना शंभर टँकरचं सांगितलं तर त्या म्हणाल्या, “बाई, पाणी किती हाय ते कशाला मोजायचं? कुठवर आलंय ते बघायचं. आमच्यात पानी देवळाच्या दुसऱ्या पायरीला लागलं की गॅसची टाकी आणि कागदपत्रं उचलायची. तिसरी बुडाली की पोरं आणि म्हातारी माणसं शाळेत. त्याच्यावर कोणी इचार करत न्हाई.” त्या रात्री त्यांच्या गल्लीत भांडीकुंडी गेली, पण कागदपत्रं आणि सिलिंडर सगळ्यांचे वाचले.

पुण्यात हे शहाणपण खरं तर सगळ्यांकडे आहे. ‘भिडे पूल पाण्याखाली गेला’ एवढं ऐकलं की डेक्कनला जाणारा माणूस आपोआप रस्ता बदलतो, क्युसेक विचारत नाही. धरणावरच्या अभियंत्याला क्युसेकच लागतो, त्याने दुसऱ्या अभियंत्याला पायऱ्यांत सांगून चालणार नाही. त्याचा शब्द त्याच्या कामाला बरोबर आहे. चूक आमची, की दुसऱ्याच्या कामाचा शब्द उचलून आम्ही आमच्या फलकावर लावला आणि सूचना दिली असं मानून मोकळे झालो.

नवी सूचना लिहायला चार जण बसलो: सेक्रेटरी, खजिनदार, तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका आणि मी. मला वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम. अवघड शब्द काढायचे, सोपे घालायचे. ‘वाहनतळातील वाहने सुरक्षित स्थळी हलविण्याबाबत आवश्यक ती खबरदारी घ्यावी’ याचं ‘पार्किंगमधल्या गाड्या सुरक्षित जागी हलवा’ असं केलं. छोटं वाक्य, रोजचे शब्द. वाचून दाखवलं, तर परिचारिका ताई म्हणाल्या, “कुठे?”

कोणी काही बोलेना.

मुख्य रस्त्यावर लावाव्यात तर तिथे दोन्ही बाजूंना आधीच रांगा. शेजारच्या सोसायटीत जागा नाही, आणि असती तरी त्यांच्या अध्यक्षांशी आमचं बोलणं नाही (तो वेगळाच अध्याय). चाळीस मिनिटं वाद झाला आणि त्यात कळलं की ‘सुरक्षित स्थळ’ आमच्यापैकी कोणालाच माहीत नव्हतं. जूनमध्येही नव्हतं. ते वाक्य कठीण झालं होतं ते मला संस्कृत शब्दांची हौस म्हणून नव्हे. आत सांगण्यासारखं काहीच नव्हतं, आणि ‘आवश्यक ती’ हे दोन शब्द ते झाकण्यापुरते मोठे होते. ‘हलविण्याबाबत’मधला तो ‘बाबत’ही तसाच. गाडी हलवायची, की हलवण्याबाबत नुसता विचार करायचा?

जुन्या सूचनेतलं एकच वाक्य अगदी स्वच्छ होतं, हेही मला तेव्हाच दिसलं: ‘नुकसानीस संस्था जबाबदार राहणार नाही.’ कर्ता आहे, क्रियापद आहे, शंकेला जागा नाही. जे आम्ही मनाशी पक्कं ठरवलं होतं, ते आम्हाला सोपं लिहिता आलं होतं. बाकी ठिकाणी ‘कळविण्यात येते’, ‘नाकारता येत नाही’. कोण कळवतं, कोण नाकारतं, पत्ता नाही. मी पंचवीस वर्षं ही क्रियापदं शुद्ध करत आले आणि त्यांच्यापुढे ‘कोणी?’ असा प्रश्न समासात कधी लिहिला नाही. मुद्रितशोधकाचं ते काम नव्हे असं म्हणता येईल. मी तसं म्हणून पाहिलं, समाधान झालं नाही.

त्यामुळे लिहिणं बाजूला राहिलं आणि पायपीट सुरू झाली. खजिनदार रस्त्यापलीकडच्या एका मंगल कार्यालयाच्या व्यवस्थापकांना भेटून आले. पावसाळ्यात मुहूर्त कमी, मैदान रिकामंच असतं. सोसायटीने पत्र द्यावं, रात्रीच्या रखवालदाराला फोन करावा, फाटक उघडेल, असं ठरलं. लिफ्टच्या माणसाने सांगितलं की पाणी यायच्या आत लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करा, नुसता खड्डा भरला तर खर्च कमी. गॅरेजवाल्याने हात जोडून सांगितलं की बुडालेली गाडी चालू करून बघू नका हो! इंजिनात पाणी गेलेलं असताना किल्ली फिरवली की इंजिन मोडतं, आणि मग विमावाले भरपाईला खळखळ करतात. आमच्याकडे तिघांनी नेमकं तेच केलं होतं. मीटरची खोली पार्किंगमध्ये, म्हणजे पाण्यात. तिथला मुख्य खटका बंद करायला त्या पहाटे एक जण पाण्यातून चालत गेला होता. परिचारिका ताईंना हे त्या बैठकीत पहिल्यांदा कळलं. त्या बराच वेळ गप्प होत्या.

मग भाषेवरून एक छोटा तंटा झाला, पुण्यात तो व्हायचाच. मी ‘गाडी काढा’ लिहिलं. सेक्रेटरी म्हणाले, “हुकूम सोडल्यासारखं वाटतं. ‘कृपया काढावी’ करा. नाहीतर लोक म्हणतील, पुणेरी पाटी लावली.” मी म्हटलं, अहो, ‘काढ’ म्हटलं असतं तर उद्धट. ‘काढा’ हे अहो-जाहोच आहे, घरी सासऱ्यांनाही आपण ‘बसा’, ‘जेवा’ म्हणतो, ‘कृपया बसण्यात यावे’ म्हणत नाही. पुणेरी पाटी झोंबते ती समोरच्याला मूर्ख ठरवते म्हणून. तिची क्रियापदं उत्तम असतात. हे सेक्रेटरींना पटलं की ते थकले होते, कळलं नाही, पण ‘काढा’ राहिलं.

पहिला नवा मसुदा 2 ऑगस्टला लागला आणि 4 ऑगस्टला, रविवारी, त्याची परीक्षा झाली. खडकवासल्यातून पुन्हा पाणी वाढवलं, एकतानगरीत पुन्हा धावपळ झाली. आमच्याकडे मसुदा अर्धाच उतरला. आम्ही लिहिलं होतं: ‘विसर्ग 25 हजार क्युसेकच्या पुढे गेला की गाड्या काढा.’ शब्द सोपे, आकडा नेमका, जागा नेमकी. पण आकडा कोणी बघायचा? ग्रुपवर एकाच वेळी तीन आकडे आले, एक दुपारचा, एक कालचा, एक कुठल्या तरी दुसऱ्याच धरणाचा. शिवाय खडकवासल्यावर जे सुटतं तेवढंच आमच्या भिंतीपाशी येतं असं नाही, मधले ओढे, नाले आणि शहरातला पाऊस त्यात भर घालतात. निम्म्या लोकांनी गाड्या काढल्या, निम्मे आकड्यावरून वाद घालत बसले. त्या दिवशी नशिबाने पाणी भिंतीपाशीच थांबलं.

तेव्हा मला मावशींची देवळाची पायरी आठवली. आमच्या मागच्या भिंतीबाहेर उताराला जुन्या दगडी पायऱ्या आहेत. जुलैत वॉचमन मामांनी एक गोष्ट पाहिली होती आणि त्यांना ती कोणी विचारलीच नव्हती: पाणी वरून पाचव्या पायरीला आलं, त्यानंतर पार्किंगमध्ये शिरेपर्यंत त्यांचा चहा करून पिऊन झाला होता आणि दोन्ही इमारतींना एक फेरीही. म्हणजे पाऊण तास धरा. त्या पायरीवर वीतभर रुंद लाल पट्टा ओढला. परिचारिका ताईंनी सूचनेचा क्रमही उलटा केला. माझ्या मसुद्यात मीटरची खोली सातव्या ओळीत होती, कारण मी पार्किंगपासून सुरू करून एकेक गोष्ट घेत गेले होते. त्या म्हणाल्या, “माणूस मरू शकतो ती ओळ आधी. गाडीचं नंतर.” आता फलकावर आहे ती सूचना अशी:

‘पूर आला तर

पार्किंगमध्ये पाणी असेल तर खाली उतरू नका. मीटरच्या खोलीकडे तर कोणीच जाऊ नका. शॉक लागेल. वीज बंद करायला सेक्रेटरी वीज कंपनीला फोन करतील.

मागच्या लाल पट्ट्याला पाणी लागलं की वॉचमन घंटा वाजवतील, थांबून थांबून पाच वेळा. रात्रीही वाजवतील. घंटा ऐकली की लगेच गाडी काढा आणि रस्त्यापलीकडच्या कार्यालयाच्या मैदानात लावा. फाटक उघडं असेल. कडेच्या मोकळ्या जागेतल्या गाड्याही काढा.

तुम्ही गावाला जाणार असाल तर गाडीची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा.

लिफ्ट वापरू नका. वॉचमन ती वर नेऊन बंद करतील.

पूर ओसरल्यावर: बुडालेली गाडी सुरू करू नका, ओढून गॅरेजला न्या. खालची टाकी धुऊन औषध टाकेपर्यंत नळाचं पाणी पिऊ नका.’

खाली तीन फोन नंबर. हीच सूचना हिंदीत शेजारी लावली, कारण चार फ्लॅटमधले भाडेकरू मराठी वाचत नाहीत. इंग्रजीची मागणी कोणी केली नाही. ‘वाहनतळ’ गेलं, ‘विसर्ग’ गेला, ‘सबब’ गेलं. ‘सबब’ जाताना मला जरा वाईट वाटलं, फारसीतून आलेला जुना शब्द, कागदाला भारदस्तपणा आणतो. टँकरचा हिशेबही गेला.

2025च्या ऑगस्टात नदी पुन्हा फुगली. रात्री सव्वाबाराला घंटा झाली. मी खिडकीतून मोजत होते. पहिली गाडी चार मिनिटांत फाटकाबाहेर, आणि पाऊण वाजता पार्किंगमध्ये दोनच उरल्या. एक बंद पडलेली, दुसरी त्या 2044वाल्या गृहस्थांची. ते खाली आले, इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळेच चाललेत म्हणून तेही गेले. पाणी पार्किंगमध्ये घोट्याएवढं आलं. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर कोणी सूचनेचं नाव काढलं नाही, सगळी चर्चा कार्यालयाच्या मैदानातल्या चिखलाची.

यंदा मे महिन्याच्या बैठकीत वॉचमन मामांनी सांगितलं की पट्टा पुसट झालाय, गाळ बसलाय, रात्री टॉर्च मारला तरी दिसत नाही. सेक्रेटरींनी इतिवृत्तात लिहिलं, ‘लाल पट्टा पावसाळ्यापूर्वी रंगविण्यात यावा.’ वही माझ्याकडे सहीला आली. मी समासात पेन्सिलीने ‘कोणी? कधी?’ एवढंच लिहिलं आणि वही परत सरकवली. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, मग खजिनदारांकडे. खजिनदारांनी मोबाइलमध्ये तारीख बघितली.

“रविवारी सकाळी मी रंगवतो,” ते म्हणाले. “डबा कोणाकडे आहे?”